ज्या सामन्यात मला कोणी शिवलं नाही

आमच्या कारखान्याच्या संघाने हुतूतूची ढाल एकदाच जिंकली. त्या दिवशी पहाटे माझे वडील वारले होते. मध्यंतरापर्यंत ही बातमी बदलापूरच्या त्या मैदानावर पोहोचली आणि नंतर ती सगळ्यांना कळली. आमच्या संघाला, समोरच्या संघाला, पंचांना, बांधावर बसून शेंगा सोलणाऱ्या म्हाताऱ्यांनाही. कळली नाही ती मला. मी थोरला मुलगा. घरी बाप माझ्या हातच्या अग्नीची वाट बघत पडला होता आणि मी इकडे दम धरून धावत होतो.

जुनी माणसं भेटली की अजून म्हणतात, "काय चढाया मारल्या होत्यास रे त्या दिवशी, कोणाला हातच लावू दिला नाहीस." पूर्वी मी हसून वेळ मारून न्यायचो. आता हसवत नाही. म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको.

तो कारखाना आज शोधूनही सापडणार नाही. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या मधे, नाल्याच्या कडेला पत्र्याची एक लांबलचक शेड होती. जुन्या कपड्यांच्या चिंध्या यंत्रात घालायच्या, पिंजून त्यांचा कापूस करायचा आणि तो गाद्यांत भरायला पाठवायचा, हे काम. फाळणी होऊन लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधी माणसं येऊन पडली होती. एकेका बराकीत कितीतरी संसार, मधे गोणपाटाचे पडदे. त्यांना अंथरायला काहीतरी हवंच होतं, त्यामुळे आमच्या मालाला गिऱ्हाइकाची वानवा नव्हती. शेडमध्ये धूळ मात्र अशी उडायची की संध्याकाळी शिंकरलं की नाकातून रंग निघायचा. ज्या रंगाच्या चिंध्या त्या रंगाचा.

आमचं गाव वांगणीच्या पुढे, नदीच्या अंगाला. घरची शेती धाकट्या भावाच्या हाताला पुरेल एवढीच होती, मी तिथे जास्तीचा होतो. वडिलांनी एकदाच विचारलं, "जातोस का?" आणि मी निघालो. ते स्टेशनपर्यंत पोचवायला आले होते. गाडी दिसल्यावर म्हणाले, "खेळ सोडू नको." मुलाला नोकरीवर पाठवताना कोणता बाप असं सांगतो? पण तेही तरुणपणी हुतूतू खेळलेले होते, आणि पंचक्रोशीत त्यांची पकड सुटत नसे म्हणतात. मी पाहिलेली नाही. माझ्या आठवणीत ते कमरेत वाकलेलेच आहेत.

खरं सांगायचं तर नोकरी मला खेळामुळेच मिळाली. कारखान्याचे हेडक्लार्क आमच्या संघाचे सर्वेसर्वा होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. बारीक चणीचा माणूस, नाकावर चष्मा, स्वतः कधी मैदानात उतरले असतील असं वाटत नाही. पण त्यांना संघाचं वेड होतं. शेजारच्या मोठ्या कारखान्यांचे संघ होते, त्यांच्या सामन्यांना साहेब लोक खुर्च्या टाकून बसायचे, आणि आमच्या शेटला तसं काहीच नव्हतं. काकांनी शेटच्या मनात ते भरवलं. मग जत्रेत, यात्रेत फिरून त्यांनी पोरं हेरली. मला बदलापुरात खेळताना पाहिलं आणि म्हणाले, "सोमवारी ये. हजेरी लागेल. पण हंगामी. ढाल आणलीत तर शेट सगळ्यांना कायम करणार आहेत."

हे एक वाक्य त्यांनी आम्हाला वर्षानुवर्षं पुरवून पुरवून खायला घातलं. ढाल आली की कायम. दर दिवाळीला वाटायचं यंदा येणार, आणि दर माघात कोणीतरी आम्हाला लोळवून घरी पाठवायचं. दरम्यान आमच्यातल्या एकाची बोटं पिंजणयंत्रात गेली. तो आमचा सगळ्यात चांगला पकड करणारा. काकांनी त्याला घरी पाठवलं आणि त्याच आठवड्यात त्याच्या जागी नवा गडी उभा केला. गड्याला गडी मिळतो, हे काकांचं तत्त्वज्ञान. त्या बिचाऱ्याला पुढे मी कल्याणच्या बाजारात कोथिंबीर विकताना पाहिलं, डाव्या हाताने.

नवा गडी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनच्या बराकीत राहणारा सिंधी होता. अंगापिंडाने दणकट, मांड्या खांबासारख्या. त्यांच्याकडेही हा खेळ होता, पण ते 'कोडी कोडी' म्हणायचे. पहिल्याच सामन्यात तो 'कोडी कोडी' करत चढाईला गेला आणि पंचांनी शिट्टी फुंकून त्याला बाद केलं. तो पंचांना म्हणाला, "साहब, साँस तो वही है ना?" सगळं मैदान हसलं. नंतर तो हुतूतू म्हणायला शिकला, मराठीही शिकला, म्हणजे अर्धी हिंदी मिसळून. माझं आणि त्याचं का जमलं ठाऊक नाही. दुपारी आम्ही एकाच डब्यात जेवायचो. माझी तांदळाची भाकरी, त्याची कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी. गावाकडचं तो बोलत नसे. एकदाच म्हणाला होता की त्याचे वडील मागे राहिले आणि त्यांचं पुढे काय झालं ते त्याला कळलं नाही.

तर त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. समोर बदलापूरच्या शेतकरी पोरांचा संघ, मैदान हेंद्रेपाड्याकडचं. भात कापून झालेलं शेत, ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून सपाट केलेलं. बाजूला विहीर, तिच्यावर रहाट. त्यांच्या संघात माझा मावसभाऊ होता. सामन्याआधी आम्ही एकमेकांना शिव्या घातल्या, गंमतीने. त्याच्या घरी रात्री जेवायला जायचं ठरलं होतं.

पूर्वार्धात माझी पार दैना झाली. मावसभावाला माझी प्रत्येक खोड ठाऊक. मी उजवीकडे झुकलो की तो आधीच तिथे. दोनदा त्याने घोटा धरून मला आडवा केला. पाठीमागून काका ओरडत होते, "कायम व्हायचंय ना रे?" मला वाटलं, झालं, हेही वर्ष गेलं.

मध्यंतराला मी बाजूला पाणी पीत बसलो होतो, तेव्हा आमच्या गावचा एक माणूस मैदानाच्या कडेला काकांशी बोलताना दिसला. पाठमोरा होता, पण डोक्यावरच्या घोंगडीवरून ओळखला. मी हात वर केला, तो बघेना. मला वाटलं बाजाराला आला असेल. आमच्याकडे रीत आहे, मरणाचा सांगावा घेऊन आलेला माणूस ज्याचं माणूस गेलं त्याच्या तोंडावर बोलत नाही. त्याच्याबरोबरच्या वडीलधाऱ्याला सांगतो. पाणी घेत नाही, बसत नाही, पुढच्या घराकडे निघतो. रीत चांगली आहे. एवढंच की वडीलधारा माणूस असावा लागतो. त्या दिवशी माझे वडीलधारे काका होते.

तो काय म्हणाला ते मला नंतर सिंध्याने सांगितलं, तो जवळच उभा होता. "थोरल्याचा बा गेला पहाटं. त्याला लावून द्या, दुपारच्या गाडीनं. मढं ठेवलंय." काका म्हणाले, "देतो, देतो." माणूस गेला. मग काकांनी आमच्या गड्यांना जवळ घेतलं. पंचांग त्यांच्या जिभेवर असायचं, लागेल तेवढं ते काढायचे. "सुतक ऐकल्यापासून लागतं," ते म्हणाले, "ज्याने ऐकलं नाही त्याला सुतक नाही, आणि त्याच्याबरोबर खेळणाऱ्याला दोष नाही. सामना झाला की मी स्वतः सांगतो. तुम्ही तोंड उघडलंत तर नोकरी विसरा."

सिंध्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला म्हणे. काकांनी त्याला सांगितलं, तुला आमच्यातलं कळत नाही.

पण सांगावा घेऊन आलेला माणूस जाताजाता माझ्या मावसभावालाही बोलून गेला होता. तो तडक काकांकडे आला आणि विचारलं, त्याला सांगितलंत का? सामना थांबवा. आता काका दोन्हीकडून अडकले. सांगितलं नाही म्हणावं तर मावसभाऊ स्वतः येऊन सांगणार. म्हणून त्यांनी पापणीही न लवू देता सांगितलं, "सांगितलं. तो म्हणतो खेळून जातो. तुम्हाला खेळायचं नसेल तर ढाल आम्हाला द्या."

आमच्या गड्यांना एक शास्त्र, त्यांच्या गड्यांना एक खोटं. दोन्ही एकाच तोंडातून, आणि मी दहा पावलांवर चूळ भरतोय.

उत्तरार्ध सुरू झाला. पहिल्या चढाईला मी गेलो आणि मावसभाऊ मागे सरला. मी उजवीकडे झुकलो, तो बघत उभा. मी हात फेकून त्याच्या दंडाला शिवलो, परत आलो, कोणी धरलं नाही. मला वाटलं, फसवतोय. पुढच्या चढाईत आणखी एकाला शिवलो. तोही नुसता मागे झाला. मग मला चेव आला. माझ्या आयुष्यात मी तसा खेळलो नव्हतो. मी आत शिरलो की अख्खा संघ शेवटच्या रेषेपर्यंत मागे जायचा. मी कोपऱ्यात घुसून शिवायचो, चालत परत यायचो. दम संपत नव्हता. कारखान्याच्या ज्या धुळीने एरवी छाती भरून यायची तीही त्या दिवशी कुठे गेली कोण जाणे. मला वाटलं, घाबरले. अखेर मला घाबरले.

एक गोष्ट मी पाहिली होती. बाद झालेला गडी रांगेत जाऊन बसतो, आपण परत उठण्याची वाट बघतो. त्यांचे बाद झालेले गडी विहिरीकडे जात होते. रहाट फिरवून डोक्यावरून पाणी घेत होते आणि ओल्या अंगाने येऊन बसत होते. माघातल्या गारठ्यात. मी मनात म्हटलं, अंग तापलं असेल. सुतकातल्या माणसाला शिवलं की अंघोळ करायची, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण ते माझ्या बाबतीत मला कसं सुचावं?

बांधावरचे लोक गप्प होते. एवढं मोठं मैदान आणि टाळी नाही. मला वाटलं, त्यांचा संघ हरतोय म्हणून गप्प आहेत.

आम्ही जिंकलो. मी दोन्ही हात वर करून आमच्या गड्यांकडे धावलो. जिंकून देणाऱ्याला खांद्यावर घेतात, ही आमच्या संघाची पद्धत. सामने थोडेच जिंकलो होतो, पण जिंकलो तेव्हा घेतलं होतं. गडी जमिनीकडे बघत उभे राहिले. एकाने चड्डीची नाडी सारखी केली. मी हात खाली घेतले. काका ढालीकडे गेले होते, ती बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांच्या हातून घेत होते.

सिंधी माझ्याकडे आला. मैदानावर मध्यंतरानंतर मला शिवलेला तो पहिला माणूस. त्याने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, "भाऊ, तुझा बाप सकाळी गेला. घरी ठेवलाय तुझ्यासाठी. भाग."

मी त्याला विचारलं, "कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "सबको मालूम है. तू जा. मैं अपने बाप का मुँह नहीं देखा, तू देख."

दुपारची गाडी सामना चालू असतानाच गेली होती. मैदानावरून तिची शिटी मीच ऐकली होती. मी रुळांच्या कडेने पळत सुटलो. अंगात चड्डी आणि खेळाचा बनियन. थोडं पळायचो, थोडं चालायचो. छाती भरून यायला लागली, धूळ परत आली. वाटेत एकच विचार होता, की थांबले असतील. थोरल्याशिवाय कसे नेतील? वांगणी मागे पडली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. माघाचा दिवस तो, तो काय थांबतो.

नदीवर पोचलो तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता, लाकडं बसली होती. म्हणजे जळून खाली बसली होती, बघायला काही उरलं नव्हतं. धाकटा भाऊ डोकं भादरून, ओल्या पंच्यावर उभा होता. मला बघून तो म्हणाला, "लई वाट पायली, दादा. दिस बुडाया लागला." एवढंच. मी नदीत उतरलो आणि बसून राहिलो. मी मोठ्याने रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाज ज्यांना वाटायची त्यांना वाटली नाही.

खरा घाव पुढे होता. दहाव्याला मावसभाऊ आला. पिंडाला कावळा लवकर शिवेना. लोक ताटकळले, तेव्हा तो सगळ्यांच्या देखत बोलला, "कसा शिवंल? ह्याला मध्यंतरातच कळलं होतं. बाप मेलेला ठाऊक असून हा खेळत राहिला. आम्ही आंघोळी करकरून खेळलो." मी उठून उभा राहिलो. म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. तो म्हणाला, "मी सोता विचारलं तुमच्या कारभाऱ्याला. त्याच्या तोंडून ऐकलं." तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. आई तिथेच, बाभळीखाली, पदर तोंडाशी धरून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग कावळ्यांकडे पाहायला लागली.

आईशी मी त्या रात्री बोललो, सकाळी बोललो. काका कसे, शास्त्र कसं, सगळं समजावलं. ती ऐकून घ्यायची. तिला कारखाना ठाऊक नव्हता, काका ठाऊक नव्हते. परका माणूस, स्वतः कधी पाहिलेला नाही, तो कशाला असं खोटं बोलेल, हे तिच्या मनात बसत नव्हतं. उलट बहिणीचा मुलगा तिने अंगाखांद्यावर खेळवलेला. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

कामावर परत गेलो तेव्हा ढाल कचेरीत काकांच्या डोक्यावर टांगलेली होती. मी म्हटलं, "काका, एकदा गावी चला. आईसमोर एवढंच सांगा की मला सांगितलं नव्हतं." ते म्हणाले, "अरे, तुझ्याच भल्यासाठी केलं. कायम झालास की नाही? तुझ्या बापाला तरी दुसरं काय हवं होतं?" मी दाराशी उभाच राहिलो. मग म्हणाले, "येईन एकदा सवडीने." मी दर महिन्याला विचारलं. दर महिन्याला सवड नव्हती. सिंधी म्हणाला, मी येतो. मी त्याला घेऊन गेलो. आईने त्याला चहा दिला, त्याची हिंदी ऐकून घेतली, आणि तो गेल्यावर म्हणाली, "तुझा मैतर चांगला हाय." मैतर मैतरासाठी बोलणारच, असा त्याचा अर्थ. पुढे तो कारखाना सोडून कॅम्पात कापडाच्या दुकानावर बसला, आणि संघात माझं म्हणावं असं कोणी उरलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा सामने सुरू झाले. आता नवे नियम आले होते, हुतूतूच्या जागी कबड्डी म्हणायचं होतं. मी उतरलो. ढाल जिंकलेल्या संघाचा चढाईबहाद्दर म्हणून लोक बोट दाखवत होते. अंबरनाथलाच सामना, समोर कोणीतरी नवखा संघ. मी मध्यरेषा ओलांडली, आणि समोरचा कोपऱ्यातला गडी मला बघून दोन पावलं मागे सरला.

माझा दम तिथेच तुटला. पंचांनी बाद दिला ते मी ऐकलं. मी रांगेत न बसता सरळ काकांकडे गेलो आणि विचारलं, "घरून कोणी आलं होतं का?" काका म्हणाले, "नाही रे बाबा. कोणी नाही. जा, बस." चष्मा तोच, आवाज तोच. मी तसाच निघालो.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात भात पाखडत होती. धाकटा भाऊ खळ्यावर होता, त्याची बायको चुलीपाशी. सगळे होते. मी धापा टाकत दाराशी उभा राहिलो. आईने माझे धुळीचे पाय पाहिले, बनियन पाहिला.

"खेळ सोडून आलास?"

"हो."

"का रं? कोण गेलं?"

"कोणी नाही. वाटलं म्हणून आलो."

तिने सूप मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "तवा याचं व्हतंस."

"आई, मला तेव्हा खरंच कोणी सांगितलं नव्हतं."

"आसंल," ती म्हणाली, आणि तिने सूप उचललं.